किनाऱ्यावरून परतीची गाडी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्याला सुमारे शंभर किलोमीटरचा किनारा आहे. तरीही सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा, सांगे या तालुक्यांतल्या ज्या घरांत स्वतःचे वाहन नाही, त्यांना समुद्रावर जायचे म्हणजे चार घरांनी मिळून गाडी ठरवावी लागते. बसने जाता येत नाही का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : ‘जाता येते, पण परत येताना पंचाईत होते.’ हे उत्तर खरे आहे. पण ही पंचाईत नेमकी कुठे होते हे कळले, तर निम्मी टळते. उरलेली निम्मी सरकारने आणि बसमालकांनी टाळायची आहे. सुट्टीचा मोसम तोंडावर असल्याने दोन्हींबद्दल लिहीत आहोत.

जाणे सोपे आहे, कारण सकाळी सगळा गोवा गावातून शहराकडे सरकत असतो. फोंड्याहून मडगाव जेमतेम १८ किलोमीटर, पणजी ३० किलोमीटरच्या आत. पणजी, मडगाव, म्हापसा आणि वास्को या चार शहरांतून किनाऱ्याच्या गाड्या सुटतात, आणि या शहरांना जोडणाऱ्या कदंबच्या (गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या) शटल गाड्या वाटेत थांबत नाहीत. शटलचे तिकीट गाडीत मिळत नाही. ते आधी खिडकीवर काढायचे, मग रांगेतून गाडीत बसायचे. नवखी माणसे सरळ गाडीच्या दाराशी जाऊन उभी राहतात आणि मागे पाठवली जातात. तोवर गाडी भरते. चौघे असाल तर एकाने खिडकीवर जावे, बाकीच्यांनी रांग धरावी. पुढच्या खासगी गाड्यांत मात्र तिकीट कंडक्टरकडेच काढायचे, म्हणून दहा-वीसच्या नोटा आणि नाणी वेगळ्या पाकिटात हाताशी ठेवावीत. सकाळच्या पहिल्या फेरीला पाचशेची नोट पुढे केली की कंडक्टरचे आणि तुमचेही बिनसते.

मडगावचा कदंब स्टँड शहराच्या उत्तर टोकाला आहे. कोलव्याच्या गाड्या तिथूनही मिळतात आणि शहरात पालिका उद्यानाच्या परिसरातही मिळतात. कोलवा मडगावहून सहा-सात किलोमीटर, आणि गाडी किनाऱ्याच्या अगदी तोंडाशी वळते. उतरल्यावर पाच मिनिटांत पाय पाण्यात. लहान मुले आणि गुडघे दुखणारी वडीलधारी माणसे बरोबर असतील तर दक्षिणेत कोलवा आणि पणजीजवळ मिरामार, हीच दोन ठिकाणे आम्ही आधी सुचवू. मिरामार पणजीपासून तीन किलोमीटर, दोनापावलच्या वाटेवर. तिकडे शहर बससेवेच्या इलेक्ट्रिक गाड्याही जातात. वास्कोला उतरणाऱ्यांना बायणा चालत जाण्याइतके जवळ आहे.

कळंगुटला जायचे दोन रस्ते. म्हापशाहून साधारण दहा किलोमीटर. पणजीहून काही गाड्या पर्वरी-साळगाववरून जातात, तर काही बेती, वेरे, नेरूल, कांदोळीवरून. पाटी दोन्हींवर कळंगुटचीच असते. कांदोळी किंवा सिकेरीला उतरायचे असेल आणि साळगावची गाडी धरली, तर कळंगुटपर्यंत जाऊन पुन्हा मागे यावे लागते. म्हणून चढण्यापूर्वी ‘कळंगुट?’ एवढेच विचारू नका, ‘नेरूलवरून का?’ असे विचारा. हरमलची गाडी म्हापशाहून शिवोली-चोपडे पुलावरून जाते. थांबा वरच्या रस्त्याला आहे आणि तिथून समुद्र दीडएक किलोमीटर. सामान डोक्यावर घेऊन उन्हात ते अंतर दुप्पट वाटते. पाळोळेला मडगावहून काणकोणची गाडी. ती चावडीला सोडते, तिथून पाळोळे अडीच-तीन किलोमीटर. मधली स्थानिक गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर रिक्षाचे भाडे धरूनच निघावे.

गावांची नावे इथे फार घात करतात. म्हापशाच्या किंवा पणजीच्या स्टँडवर ‘केरी’ पाटी दिसली म्हणून चढू नये. पेडण्यातले केरी समुद्रावर, तेरेखोलच्या तोंडाशी आहे. सत्तरीतले केरी अंजुणे धरणाजवळ डोंगरात आहे. आणि फोंडा तालुक्यातही एक केरी आहेच. गोंगाटात ‘हरमल’ आणि ‘हरवळे’ सारखेच ऐकू येते. पहिल्याला समुद्र आहे, दुसऱ्याला धबधबा. बेती, बेतूल आणि बेताळभाटी ही तीन वेगळी गावे तीन वेगळ्या दिशांना. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना बसने पाठवत असाल तर गावाच्या नावाबरोबर तालुकाही कागदावर लिहून द्या.

रेल्वेचा विचार आपल्याकडे कुणी फारसा करत नाही, हे आम्हाला नेहमी खटकते. कुळे–वास्को मार्गावरची पॅसेंजर सावर्डे, चांदर, मडगाव करत माजोर्डा आणि कासावलीला थांबते. माजोर्डा स्टेशनपासून किनारा अडीच-तीन किलोमीटर. कासावलीहून आरोशी-वेळसांवची वाळूही साधारण तेवढ्याच अंतरावर. सांगे-धारबांदोड्याकडच्या माणसाला एकही गाडी न बदलता समुद्राजवळ नेणारा हा एकमेव मार्ग आहे. उणीव एकच : दिवसातल्या फेऱ्या मोजक्या. परतीची गाडी चुकली तर पुढची काही तासांनी, म्हणून संध्याकाळची वेळ सकाळी उतरताच स्टेशनच्या फलकावर बघून ठेवावी. दक्षिणेकडे कारवारच्या बाजूची पॅसेंजर काणकोणला थांबते, तिथून पाळोळे तीनेक किलोमीटर. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेगळे असते. मे महिन्यात पाहून ठेवलेली वेळ सप्टेंबरात उपयोगी पडत नाही.

फेरीबोटीचा एक प्रवास मात्र मुलांना जरूर घडवावा. मडगावहून बाणावली, वार्का करत केळशीला यायचे. दुपारपर्यंत किनाऱ्यावर थांबायचे. मग त्याच रस्त्याने न परतता मुख्य रस्त्यापासून आत फेरीधक्क्याकडे चालत जायचे आणि साळ नदी ओलांडून असोळण्याला उतरायचे. असोळण्याहून चिंचोणेमार्गे मडगावला गाड्या आहेत. चालत चढणाऱ्याला फेरीबोटीचे भाडे पडत नाही. धोका आहे तो रॅम्पवर. ओहोटीला पाणी उतरते, धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि त्याच्या खालच्या भागावर शेवाळ असते. रबरी चपला तिथे हमखास घसरतात. बोट टेकली की आधी स्कूटर आणि गाड्या भराभर बाहेर येतात. त्यांच्यामधून वाट काढत पुढे घुसू नये. त्या गेल्यावर मुलांचा हात धरून कोरड्या बाजूने चढावे आणि बोटीत गाड्यांच्या मध्ये उभे न राहता कठड्याला धरून उभे राहावे.

आता भरती-ओहोटी. पंचांग घरोघरी असते, पण समुद्रावर जाताना ते कुणी उघडत नाही. कोकणपट्टीतला जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. गोव्याच्या किनाऱ्याला हा हिशेब अर्ध्याएक तासाच्या फरकाने लागू पडतो, आणि सहलीसाठी तेवढा पुरतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर ऐन दुपारच्या आधी पाणी वर, आणि सूर्यास्ताला वाळू मैदानासारखी उघडी. मुलांना संध्याकाळी खेळायला याच तिथी चांगल्या. अष्टमीच्या आसपास उलट : दुपारी ओहोटी आणि सूर्यास्ताला पाणी वर. जिथे धूप झाली आहे तिथे, केरीसारख्या ठिकाणी, भरतीला बसायला जागाही उरत नाही. तिथे ही तिथी पाहूनच जावे.

पाण्यात उतरायचे ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये. जीवरक्षक सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा यावेळात पाण्यावर नजर ठेवून असतात, म्हणजे सूर्यास्त पाहता पाहता पाण्यात राहणारा माणूस नेमका त्यांची वेळ संपताना पाण्यात असतो. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत आणि गढूळ दिसला, तर तो सुरक्षित नव्हे. किनाऱ्यावर आलेले पाणी तिथूनच परत आत ओढले जात असते. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नये. किनाऱ्याला समांतर आडवे पोहावे आणि ओढ संपली की लाटांबरोबर बाहेर यावे. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचेच नाही. त्या दिवसांत समुद्र वाळूवर बसून पाहायचा, आणि तोही पाहण्यासारखा असतो.

सामान मांडीवर मावेल एवढेच. खासगी मिनीबसला वर रॅक असला तरी त्यात एक छत्री जेमतेम राहते, आणि मोठी पिशवी इंजिनाच्या बॉनेटवर गेली की आतले जेवण तापून आंबते. प्रत्येकी एक लिटर पाणी प्यायला, आणि घरटी एक जादा बाटली पाय धुवायला. कोरड्या कपड्यांचा एक जोड, ओल्या कपड्यांना एक जाड प्लास्टिक पिशवी. वाळू ओली असताना कितीही झटकली तरी जात नाही. पाय सुकू द्यावेत, थोडी टाल्कम पावडर चोळावी, की सगळी सुटून पडते. ओल्या कपड्यांनी गाडीत बसू नये. खारे पाणी सीटच्या रेक्झिनला लागले की ते चिकट राहते, आणि तुमच्यानंतर बसणारा माणूस कामावरून घरी चाललेला असतो. जेवण कोरडे असावे : पोळी, सुकी भाजी, उकडलेली अंडी, काकडी. किनाऱ्यावर चूल मांडायला बंदी आहे, तेव्हा तो बेत मनातही आणू नका. न्याहारी बांधून घेण्याची गरज नाही. म्हापसा किंवा मडगावच्या स्टँडजवळ पातळभाजी-पाव खाऊन पुढची गाडी धरावी.

दिवस निवडताना शुक्रवारी म्हापसा टाळा. त्या दिवशी आठवड्याचा बाजार असतो, आणि दुपारनंतर गावांकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा मिळत नाही. कार्निव्हालची मिरवणूक शनिवारी पणजीत आणि रविवारी मडगावात असते, तेव्हा शहरातले रस्ते बंद होऊन गाड्या दुसरीकडे वळतात. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव, त्यामुळे फोंडा–पणजी रस्ता तुंबतो. नाताळ ते नववर्ष कळंगुट–बागा रस्त्यावर बस मुंगीच्या पावलांनी चालते. तिथे कळंगुटलाच उतरून वाळूवरून चालत बागा गाठणे लवकर होते.

हे झाले प्रवाशाने सांभाळायचे. आता परतीचे.

नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जानेवारीअखेर साडेसहाला, मेअखेर सातला. आकाशाचा रंग सूर्य बुडाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी सगळ्यात गडद होतो. तो पाहून, पाय धुऊन, मुलांना कपडे घालून थांब्यावर यायला मेमध्ये साडेसात-पावणेआठ होतात. आणि किनाऱ्यावरच्या खासगी गाड्या सातनंतर विरळ होत जातात. आठनंतर गाडी मिळेल असे धरून चालू नये. त्यापुढे शहरातून गावची गाडी वेगळी. फोंड्यापुढे उसगाव, साखळीपुढे वाळपई, कुडचड्यापुढे सांगे, म्हणजे तीन दुवे. त्यातला एक तुटला तरी माणूस रस्त्यावर. म्हणून हिशेब घराकडून करावा : आपल्या गावची शेवटची गाडी किती वाजता, तिच्यासाठी शहराच्या स्टँडवर किती वाजता पोचायला हवे, आणि त्यासाठी किनारा केव्हा सोडायला हवा. या हिशेबातून येणाऱ्या वेळेतून आणखी एक फेरी वजा करावी. शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी, तीच आपली. सकाळी किनाऱ्यावर उतरताना त्याच कंडक्टरला विचारावे : ‘आज शेवटची कितीला? आयतार आसा मूं?’ रविवार आहे हे आठवण करून देणे महत्त्वाचे, कारण रविवारची शेवटची गाडी शनिवारपेक्षा लवकर असते, आणि कधी कधी नसतेच.

गाडी चुकलीच तर पायलट, म्हणजे भाड्याचा मोटारसायकलवाला, एका माणसाला नेतो. भाडे बसण्याआधी ठरवावे आणि हेल्मेट मागून घ्यावे. चौघांच्या कुटुंबाला त्याचा उपयोग नाही. टॅक्सीचे एका फेरीचे भाडे चौघांच्या दिवसभराच्या बसभाड्याच्या कितीतरी पट होते. ज्या माणसाने भाडे वाचवण्यासाठीच बस धरली, त्याच्यावर हे संकट सूर्यास्ताच्या वेळी, मुले झोपाळलेली असताना कोसळते. एकदा असे झाले की ते कुटुंब पुन्हा बसने समुद्रावर जात नाही.

रविवारच्या आणि रात्रीच्या फेऱ्या का गळतात, हे समजून घेतले पाहिजे. मालकावर नुसते खापर फोडून चालत नाही. रात्री किनाऱ्याकडे जाताना गाडी रिकामी जाते आणि एकाच बाजूचे भाडे मिळते. ड्रायव्हर-कंडक्टर पहाटेपासून कामावर असतात. रविवारी कचेऱ्या आणि शाळा बंद, म्हणून सकाळच्या फेऱ्याही अर्ध्या भरतात. मग मालक फेरी सोडतो. फेरीचा भरवसा नाही म्हणून प्रवासी स्कूटर घेतो, आणि पुढच्या वर्षी गाडी आणखी रिकामी. पण परवान्याबरोबर जे वेळापत्रक मिळते त्यात ही फेरी असते, आणि ते वेळापत्रक थांब्यावर कुठेही लावलेले नसते. म्हणून फेरी सुटली की चुकली, हे प्रवाशाला कळायलाच मार्ग नाही. तक्रार करायची तर कशाच्या आधारावर करायची?

आमच्या मागण्या तीन आहेत. रात्रीची शेवटची फेरी एकाच मालकाच्या माथी न मारता त्या मार्गावरच्या सर्व गाड्यांनी पाळीने करावी. ज्याची पाळी त्याला दुपारची एक फेरी माफ करावी, म्हणजे कामगारांनाही विसावा मिळेल. दुसरी मागणी कदंबकडे : नोव्हेंबर ते मे दर रविवारी कळंगुट, हरमल, कोलवा आणि पाळोळे या चार ठिकाणांहून सूर्यास्तानंतर पाऊण तासाने एकेक गाडी सुटावी, आणि ती शहरात पोचेपर्यंत शेवटची शटल थांबवून धरावी. जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या २०२४ च्या शवप्रदर्शनासाठी महामंडळाने जादा गाड्या सोडल्या होत्या, म्हणजे गर्दी कधी आणि कुठून येणार हे ठाऊक असेल तर नियोजन जमते. सूर्यास्ताची वेळ तर वर्षभर आधी छापलेली असते.

तिसरी मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि ती याच मोसमात पुरी होऊ शकते. प्रत्येक किनाऱ्याच्या थांब्यावर दोन फूट बाय तीन फुटांचा एक पत्रा, त्यावर मराठी, कोकणी आणि इंग्रजीत चार ओळी : मार्ग, सोमवार ते शनिवारची शेवटची गाडी, रविवार व सुट्टीची शेवटची गाडी, आणि फेरी न आल्यास कळवण्याचा वाहतूक खात्याचा फोन नंबर. अक्षरे तीन बोटे उंच असावीत, काळोखात मोबाइलच्या उजेडात वाचता येतील अशी. रंग पांढऱ्यावर काळा. पत्रा समुद्राकडे तोंड करून लावू नये, खाऱ्या वाऱ्याने दोन वर्षांत अक्षरे जातात. थांब्याच्या आत, बाकाच्या वर लावावा. पंचायतींनी मनावर घेतले तर कोलव्याचा पत्रा येत्या रविवारच्या आतही लागू शकेल.

आपले,
नेहमी बसने फिरणारे काही प्रवासी
फोंडा, गोवा